फ्लेक्समागची आत्या

"आधी बगा, मंग बोला," असं म्हणत तो समोरच्याला खांद्याला धरून हलकेच चित्राकडे वळवायचा. कारण माणसं चित्राकडे पाठ करून त्याच्याकडेच बघत उभी राहायची.

तो घानाचा. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायला आला होता. आता शिकून परत गेलाय. चित्रं काढायचा, आणि त्यांना चौकटी करायला माझ्या फ्रेमच्या दुकानात यायचा. मराठी त्यानं मेसच्या मावशींकडून उचललेली, त्यामुळे माझ्यापेक्षा अस्सल.

त्याचं लाडकं चित्र त्याच्या आत्याचं होतं. बाजारातल्या टपरीत बसून ती मोबाईलचं रिचार्ज मारून देतेय. परदेशातल्या एका मोठ्या गॅलरीनं ते नाकारलं होतं.

"काका, त्या लोकायला आफ्रिका म्हनलं की सिंह पायजे. आता आत्याला शेपूट कुठून लावू?"

तो हसायचा, पण ते हसू फार टिकायचं नाही.

मग गावातल्या एका मंडळानं त्याचं प्रदर्शन ठरवलं. काय हरखला होता म्हणून सांगू! आदल्या दिवशी आम्ही दोघांनी हॉलच्या एका भिंतीवर चित्रं टांगली. आत्या दाराच्या बाजूला, आल्या आल्या दिसावी म्हणून. "इथले लोक बगतील काका. त्यांच्याबी घरी अशी आत्या हायच की."

आपल्याकडचे कार्यक्रम तुम्हाला ठाऊकच आहेत. सकाळी बघतो तर त्याच भिंतीसमोर स्टेज, आणि स्टेजमागे भलामोठा फ्लेक्स. त्यावर त्याचा हसरा चेहरा, भोवती पुढारी. चित्रं सगळी मागे झाकलेली.

"भाऊ, हे जरा सरकवा ना," तो विनवत राहिला.

"सर, सत्काराच्या फोटोला मागं फ्लेक्स लागतोच. नंतर काढू की."

शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला. प्रत्येक वक्ता आफ्रिकेवर बोलला, म्हणजे जंगलावर. मग सेल्फी, मग पोहे, आणि हॉल रिकामा. कुणी वाईट नव्हतं हो. सगळ्यांनी त्याला मनापासून डोक्यावर घेतलं, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन दुकानात आला. फेट्यातला फोटो छापून आला होता.

"झकास आलाय की!" मी म्हणालो.

त्यानं फोटोच्या कडेला, फ्लेक्स संपतो तिथं बोट ठेवलं.

"हे आत्याचं कोपर दिसायलंय."

मग माझी कात्री मागून घेतली. पुढारी कापले, फेट्यासकट स्वतःलाही कापून टाकलं आणि नखाएवढा तो तुकडा जपून पाकिटात ठेवला.

"आत्याला धाडतो," तो म्हणाला. "म्हनतो, तू पेपरात आलीस."