दुसऱ्या नवऱ्याचं काय करायचं

माझ्या नणंदेशी भांडायला मला कारण लागत नाही. वरच्या मजल्यावर त्या, खाली मी, आणि मधल्या जिन्यात माझा नवरा, दोघींचं ऐकून घेत उभा. त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. भांडताना सुद्धा अहोजाहोच करते, त्यामुळे भांडण जरा लांबतं.

वन्संनी लग्न केलं नाही. दिवसभर काचा घासते, वर आणखी कुणाची भांडी कशाला घासू, असं त्या म्हणतात. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं मशीन आहे. चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते, काच फिरत राहते आणि संध्याकाळी बाई घरी येतात त्या कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेल्या. त्यांचा एक शिरस्ता आहे. जुन्या काचेचा आकार स्वतःच्या हाताने कागदावर काढून घेतल्याशिवाय नवी काच चाकाला लावायची नाही. मशीन आकार आपोआप घेतं, हे मालकाने शंभरदा सांगून झालं. वन्सं ऐकतील तर शपथ.

हाच शिरस्ता त्यांनी गोष्टीला लावला. आता गोष्ट कसली, ते सांगते. इंटरनेटवर त्यांची एक साइट आहे, नाव ‘पुढचं कोण सांगणार’. एकाने गोष्टीचं एक प्रकरण लिहायचं, दुसऱ्याने पुढचं, मग तिसऱ्याने. सुरुवातीला अगदी सावळा गोंधळ होता. चौथ्या प्रकरणात बुडून मेलेला मामा नवव्या प्रकरणात चहा प्यायला हजर. तेव्हा वन्संनी फर्मान काढलं की ज्याला पुढची पाळी हवी त्याने आधीच्याचं अख्खं प्रकरण आपल्या हाताने कागदावर उतरवून काढायचं, मगच लिहायला बसायचं. लोक कुरकुरले, दोघेतिघे सोडूनही गेले. पण मामा पुन्हा उठला नाही.

दुसरा नियम असा की कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही. टोपणनाव घ्या आणि लिहा. एक बसचालक होता, त्याने ‘उलटा गिअर’ असं नाव घेतलेलं. रुग्णालयातली एक परिचारिका ‘रात्रपाळी’ नावाने लिहायची. आणि एक होती ‘मागचं दार’. ती कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. घरच्यांना कळलं तर हात मोडतील, एवढंच तिने वन्संना एकदा कळवलं होतं. पण लिहायची अशी, की वाचताना हातातलं काम राहून जावं.

मी या सगळ्याची यथेच्छ टर उडवायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचे. वन्सं म्हणायच्या, “तुला काय कळतंय, तू आपल्या चादरी मोज.” मी लॉंड्रीच्या काउंटरवर बसते, त्यावरून हा टोला. मीही काही कमी नव्हते, म्हणून आमचं बरं चाललं होतं.

गेलं वर्षभर जी गोष्ट चालू होती ती एका रंगारणीची. कापड रंगवायचा तिचा मोठा कारखाना, पहिला नवरा वारलेला, आणि दुसरा नवरा असा नीच की वाचणाऱ्याच्या हाताला खाज सुटावी. त्याचं काय करायचं, यावर साइटवर रोज खल चालायचा. या मंडळींची एक खोड मात्र विलक्षण. गोष्टीतल्या माणसांबद्दल बोलताना ती शेजारीपाजारी राहत असल्यासारखीच बोलायची. “गुरुवारपर्यंत दुसऱ्या नवऱ्याचा काटा काढलाच पाहिजे,” असं उलट्या गिअरने लिहिलं. औषध रात्रपाळी आणेल, कारण तिला मात्रा माहीत आहे. नंतरचं मी बघतो, माझ्याकडे गाडी आहे, असंही त्यानेच लिहिलं. खाली वन्संचं उत्तर होतं, ठरलं तर मग.

नेमका याच सुमारास नवा कायदा आला. साइटवर कुणीही काहीही लिहिलं तरी खापर साइट चालवणाऱ्याच्या डोक्यावर. तक्रार आली की मजकूर ताबडतोब काढायचा, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाचं खरं नाव ओळखपत्रासकट जमा ठेवायचं. नाहीतर दंड, आणि दंडावर भागलं नाही तर तुरुंग. इंटरनेटवर घाण साचली होती हे मीही कबूल करते, कुणीतरी झाडू हातात घ्यायलाच हवा होता. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. वन्संच्या ओळखीच्या काही चित्रकार मंडळींनी साइट बंदच करून टाकली, कारण माणसाचं उघडं शरीर काढल्याशिवाय शिकणार कसं, आणि काढलं तर तक्रार ठरलेली. कुणी त्यांना बंद करा असं सांगितलंही नव्हतं. भीतीनेच बंद केलं. मग जुन्या गाण्यांवर नवे शब्द बसवणारे गेले. वन्सं रोज जेवताना सांगायच्या, आज अमके गेले, आज तमके गेले. आणि एका शनिवारी त्यांनाही ईमेलने नोटीस आली.

सोमवारी कार्यालयात हजर व्हा, साइटवरच्या एका मजकुराबद्दल गंभीर तक्रार आहे, सर्व लेखकांची नावं आणि पत्ते सोबत आणा. वन्संनी ती नोटीस उभ्या उभ्या वाचली आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. नावं त्यांच्याकडे नव्हतीच. पण साइटच्या पोटात प्रत्येकाचा ईमेल असतो, आणि त्या धाग्यावरून सरकार कुणाच्याही घरापर्यंत पोचतं, हे त्यांना ठाऊक होतं. दंडाचं त्यांना काही वाटलं नाही. “मागच्या दाराच्या घरी शिपाई गेला तर काय होईल गं तिचं?” एवढंच त्या म्हणत राहिल्या.

रविवारी दुपारी मी चहा घेऊन वर गेले तेव्हा सगळं उरकलं होतं. साइट पुसली, ईमेल पुसले, स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या प्रती पुसल्या. झाडच तोडलं, आता फांद्या कुणाच्या ते कोण विचारणार, असं म्हणाल्या. डोळे कोरडे होते. त्यांचा तो चेहरा बघून मला भांडायला काहीच सुचलं नाही, आणि असं याआधी कधी झालं नव्हतं. रडल्या असत्या तर परवडलं असतं.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेले. एकट्या गेल्या तर भलतंच काही बोलून बसतील याची मला धास्ती होती, आणि मी बरोबर असूनही त्या बोलल्याच. कार्यालयातली खोली लहान, भिंतीला लोखंडी कपाटं, टेबलापलीकडे पन्नाशीचे साहेब. माणूस वाईट नव्हता, बसा म्हणाला. त्यांच्यासमोर तक्रारीचा छापलेला कागद होता आणि त्यावर साइटवरचं तेच बोलणं, गुरुवार, औषध, गाडी. तक्रार करणाऱ्याने चुकून तेवढंच वाचलं होतं, आणि घाबरून कळवलं होतं. मी त्या भल्या माणसाला दोष देत नाही. ठरलं तर मग, असं खाली लिहिलेलं बघून मीही पोलिसांकडे धावले असते.

साहेबांनी विचारलं, “हा दुसरा नवरा कोण?”

“फार नीच माणूस, साहेब,” वन्सं म्हणाल्या.

“आत्ता कुठे आहे तो?”

“आता कुठे असायला? काल दुपारी मी सगळंच संपवलं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी कपाळाला हात लावला. अहो साहेब, तो गोष्टीतला नवरा आहे, रंगारणीचा, खराखुरा नव्हे, असं मी एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी साइट उघडून बघितली. पान कोरं. गोष्ट होती तर ती नोटीस मिळाल्यावर पुसली का, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, हेही सांगितलं. ही गोष्टच होती असं दाखवणारं एखादं पान, एखादा कागद तुमच्याकडे आहे का? वन्संनी मान हलवली. त्यांनी सगळं इतकं निगुतीने पुसलं होतं की स्वतःला वाचवायलाही काही उरलं नव्हतं. 

आता मला बोलावंच लागणार होतं. मी पर्स उघडली, आत रबर लावलेला लॉंड्रीच्या पावत्यांचा गठ्ठा होता तो काढला आणि साहेबांपुढे ठेवला. पाठीवर वाचा, म्हटलं. पाठीवर माझ्या अक्षरात मागच्या दाराचं सगळ्यात शेवटचं प्रकरण होतं, पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत.

झालं होतं असं की त्या प्रकरणानंतरची पाळी मी मागून घेतली होती. ‘मिठाचा खडा’ या नावाने. वन्संना कळलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, पण नाव विचारायचं नाही हा त्यांचाच नियम, तेव्हा मला भय नव्हतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसून मी एकेक ओळ उतरवत होते. टर उडवता उडवता मला त्या रंगारणीचा लळा लागला होता, दुसरं काय.

साहेबांनी वाचायला घेतलं. मधूनच एखादी पावती उलटून बघत, तिथे दोन चादरी, एक कोट, डाग काढणे असं लिहिलेलं, मग पुन्हा पाठीकडे वळत. रंगारीण दुसऱ्या नवऱ्याच्या ताटासमोर उभी राहते तिथपर्यंत आले आणि पुढची पावती शोधू लागले. पुढची नव्हतीच. ते जरा हिरमुसले, हे मी स्वतः बघितलं. वन्सं मात्र कागदाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

“हे उतरवणाऱ्या तुम्ही का?” साहेबांनी पुन्हा पेन उचललं. “तुमचं नाव सांगा.”

मी तोंड उघडलं, पण वन्संनी माझ्या हातावर हात ठेवला. “तिला नाव नका विचारू, साहेब,” त्या म्हणाल्या. “नाव विचारलं असतं तर हिने एक ओळ लिहिली नसती. ही काय, आमच्यातल्या कुणीच लिहिली नसती. हवं तर माझंच नाव दोनदा लिहा.”

 साहेबांनी पेनला टोपण लावलं आणि नोटिशीला जोडलेलं दुसरं पान वाचलं होतं का, असं विचारलं. आम्ही ते उघडलंच नव्हतं. नावं जमा ठेवायची सक्ती मोठ्या साइटना आहे, असं त्यात लिहिलं होतं. पाच-पन्नास माणसांच्या, जाहिराती न घेणाऱ्या मंडळींना ती लागू नाही. नावं आणा ही ओळ सगळ्याच नोटिशींवर छापलेली असते. वन्संनी फक्त पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहायचं की इथली माणसं आणि घटना काल्पनिक आहेत, आणि ते गुरुवारचं बोलणं पुन्हा चढवायचं नाही. एवढंच. सध्या तरी एवढंच, असं साहेब म्हणाले. आणि पावत्या परत देताना, बघा, तो नवरा सुटता कामा नये, असंही म्हणाले.

जीव भांड्यात पडला. बाहेर रस्त्यावर येऊन आम्ही दोघी एका दुकानाच्या पायरीवर बसलो आणि वन्सं शनिवारपासूनचं सगळं रडून मोकळ्या झाल्या. मग हसायला लागल्या. मिठाचा खडा म्हणे, असं म्हणून पुन्हा हसल्या. मी म्हटलं, दुसरं पान न वाचता घर पेटवणाऱ्यांनी हसू नये.

घर पेटलेलं होतं ते खरंच. वर्षभराची गोष्ट गेली होती. त्याच संध्याकाळी वन्संनी कोऱ्या पानावर एक ओळ टाकली की दार उघडलंय, कुणाकडे काही असेल तर आणा. आणि लोक यायला लागले. स्वतःचं लिहिलेलं कुणी म्हणजे कुणी जपलेलं नव्हतं, पण प्रत्येकाकडे आधीच्याचं प्रकरण होतं, हाताने उतरवलेलं. उलट्या गिअरने बसच्या फेऱ्यांच्या कागदांचे फोटो पाठवले; त्याने आधीच्याच्या गोष्टीतला एक रस्ताही बदलला होता, कारण तिथे गाडी वळतच नाही म्हणे. रात्रपाळीने तापाच्या तक्त्यांच्या पाठीवरचं प्रकरण पाठवलं. जे सोडून गेले होते त्यांच्यातलाही एक जण मामा बुडाला त्या प्रकरणाची जुनी छापील प्रत घेऊन आला, त्या गोष्टीचं आता काही कामही नव्हतं, तरी आला. एकेक करत रंगारीण पुन्हा उभी राहिली. चित्रकारांची साइट मात्र बंदच आहे. वन्संनी त्यांना ते दुसरं पान पाठवलं आहे, बघू या.

सगळ्यात शेवटचं प्रकरण मी वन्संच्या शेजारी बसून टाइप केलं आणि मिठाचा खडा या नावाने साइटवर चढवलं. दोन दिवस मागच्या दाराचं काहीच नव्हतं, तेव्हा वन्सं जेवेनात. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. वन्संनी मला हाक मारून खालून वर बोलावलं आणि खोलीत आम्ही दोघीच असताना सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला: “माझ्याकडे एक अक्षरही उरलं नव्हतं. मी ते लिहिलं होतं की नाही, असं वाटायला लागलं होतं. ज्यांनी जपलं त्यांचं नाव मला सांगू नका. पण तेवढं त्यांना सांगा.”

वन्संनी खाली उत्तर लिहिलं, सांगितलं. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. “बस,” म्हणाल्या. “पाळी तुझी आहे, आणि ती बाई ताटासमोर उभी राहून वाट बघतेय.”