व्हिडिओतल्या बाईंची चूक

गणिताचा व्हिडिओ मुलांनी घरी बघायचा आणि वर्गात येऊन फक्त वाद घालायचा, ही आमच्या पनवेलच्या शाळेतली टूम माझी. मुख्याध्यापिकांना ती मुळीच पटली नव्हती. त्या दिवशी सातवीच्या वर्गात त्या मागच्या बाकावर येऊन बसल्या, त्या निकाल लावायलाच. तास फसला तर व्हिडिओ बंद, पुन्हा खडू-फळा.

वाद घालायचा म्हणे! माझी मुलं कसला वाद घालतात? मी वर्गात जरा वेगळं काही बोलले, की "पण बाई, व्हिडिओत असं नाहीये," असं मलाच सुनावणार. वर्गातली आणि व्हिडिओतली, दोघीही मीच, पण मान सगळा व्हिडिओतलीला! मला तिचा चक्क राग यायला लागला होता.

आदल्या दिवशीच्या व्हिडिओत ती मोठ्या ऐटीत म्हणाली होती, "परिमिती वाढली, की क्षेत्रफळ वाढतं." मी विचारलं, "पटलं का?" सगळा वर्ग एका सुरात, "हो बाई!" मागून मुख्याध्यापिकांचा सुस्कारा ऐकू आला.

तेवढ्यात कोन गावाहून येणारी एक मुलगी उभी राहिली. "मला नाय पटलं, बाई. मी मागं घेऊन घेऊन बघितला. हायवेत जमीन गेली, आमची उरली ती नुसती पट्टी हाय. कुंपन लांबच लांब, आत जागाच नाय."

मी खडूच तिच्यापुढे धरला. खरंच की!

"व्हिडिओतल्या बाई चुकतील कशा?" एक जण ओरडला. ती मुलगी तरातरा फळ्याशी गेली. दहा बाय दहाचा चौरस: परिमिती चाळीस, क्षेत्रफळ शंभर. शेजारी तीस बाय एकची पट्टी: परिमिती बासष्ट, क्षेत्रफळ तीस! मग काय, वर्ग पेटलाच. कोणाला पट्टी आणखी लांब करायची होती, कोणाला दोरीएवढी अरुंद. दोन्ही बाई सपशेल हरल्या होत्या आणि मला नाचावंसं वाटत होतं.

मुख्याध्यापिका उठून पुढे आल्या. "तो व्हिडिओ काढून टाका," त्या म्हणाल्या. माझा चेहराच उतरला.

"नको ना मॅडम," ती मुलगी फळ्याजवळूनच म्हणाली. "र्‍हाऊ दे. मग पुढच्या वर्गाला भांडायला काय मिळनार?"

मुख्याध्यापिका इतक्या हसल्या की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. "ठेवा बाई," त्या मला म्हणाल्या. "आणि पुढचा आधी मला पाठवा. चूक कुठाय ते सांगू नका, मीच शोधते."