शकुंतलाजींची सहा वर्षं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सुरुवात कुठून करावी, तेच कळत नाहीये.

वर्ध्याहून लखनऊला आलो, विद्यापीठाच्या आस्थापना विभागात बाबू म्हणून लागलो. कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं माझ्या ताब्यात. माणूस कधी लागला, कधी कायम झाला, सगळं त्यात. शकुंतलाजी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायच्या. त्यांच्या पुस्तकातलं पहिल्या सहा वर्षांचं पान सुटं झालं होतं. चिकटवायला म्हणून मी ते काढून ठेवलं — आणि मग सापडेना.

त्या विचारायला आल्या, तेव्हा काय म्हणालो? पान माझ्याकडे आलंच नव्हतं, म्हणालो. सहा वर्षं गेली, तशी ज्येष्ठताही गेली. मागून आलेले प्रयोगशाळा सहायक झाले, त्या नळापाशीच राहिल्या.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाचीही होते, नाही का? पण पुढे —

ऑफिसची खोली बदलताना ते पान सापडलं. माझ्याच कपाटात, एका जुन्या फायलीला चिकटलेलं. हातात धरून उभा राहिलो... आणि कप्प्यात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवून दिलं. माझं प्रमोशन तोंडावर होतं. खुलासा कोण देणार? चार वर्षं ते तिथेच होतं.

मग २०१२च्या सुमारास सगळ्या नोंदी कंप्युटरवर न्यायचं ठरलं. नवी यंत्रणा कशी असावी, हे ठरवायला समिती नेमली; तिच्यात मीही. ज्यांचा कागदच नसेल त्यांचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. सगळ्यांआधी मी बोललो — “जिसका काग़ज़ नहीं, उसकी सर्विस नहीं.” रजिस्ट्रारसाहेब म्हणाले, “वाह, उसूल हो तो ऐसा!” उसूल? तत्त्व कसलं, मी माझं कपाट झाकत होतो. आणि तो नियम आराखड्यात गेला.

प्रत्येकानं आपली नोंद तपासून सही करायची, हेही त्याच आराखड्यात होतं. चाचणीला पहिला रसायनशास्त्र विभाग घेतला. शकुंतलाजींनी नोंदीचा कागद सही न करता तीनदा परत केला. तिसऱ्यांदा भरल्या ऑफिसात म्हणाल्या, “बाबूजी, छह साल मैं मायके में बैठी थी क्या?” सगळे हसले. मीही हसलो. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान बाहेर काढलं. “मिल गया,” म्हणालो. बस, एवढंच. माझ्या चिकाटीचं कौतुक झालं. सहा वर्षं नोंदली गेली, त्या सहायक झाल्या, आणि मलिहाबादहून दशहरीची पेटी घेऊन आमच्या घरी आल्या. मी ती घेतली. आंबे खाल्ले — सांगायला हेच सगळ्यात जड जातंय.

आता त्या नव्या मुलींना द्रावणं बनवायला शिकवतात. बाटल्यांवर त्यांच्या अक्षरात नावं असतात. परवा एका प्रोफेसरांनाच दटावत होत्या — “सर, गीले हाथ से मत छुइए!” मी दारात उभा राहून ऐकत होतो. बरं वाटलं. मग वाटलं, हे चार वर्षं आधीच सुरू झालं असतं.

त्यांची नोकरी अजून बरीच उरलीय, माझीही. उद्या दहाला त्यांच्या प्रयोगशाळेत जाणार, तिथून रजिस्ट्रारकडे. वाक्य पाठ केलंय: “शकुंतलाजी, पन्ना खोया नहीं था. चार साल मेरे पास था.”