उखाणा नियमात नाही

तुरुंगाबाहेर पत्रकं वाटताना ती मला दर भेटीच्या दिवशी दिसे. मिठागरावर राबणारी बाई. नवरा मजुरीवाढीच्या सत्याग्रहात आत गेलेला. साध्या बाकावर बसण्याआधीसुद्धा ती विचारी, "नियम काय हाय?" विचारणारच. स्वराज्य आलं तरी फाटकावरचा शिपाई दर खेपेला नवा नियम काढतच होता.

त्या दिवशी तो भेटीची वही उघडून म्हणाला, "नवऱ्याचं नाव सांग, नाहीतर परत जा."

तिने ते आजवर कधी उच्चारलं नव्हतं. मी सांगायला पुढे झालो, तर तिने मलाच थांबवलं.

"लाजतेस काय? उखाण्यात घे," शिपाई हसला.

"उखाणा नियमात हाय?"

"नाही."

"मग बाजूला हो." तिने भिंतीकडे तोंड करून नवऱ्याला नावानं हाक मारली. आतून त्याने ओ दिली.

"आता लिव," ती शिपायाला म्हणाली.