भाग काढला आहे

ऑफिसात तिला सगळे काकू म्हणत. चाळिशी नुकतीच उलटलेली, लग्न झालेलं नाही, तेव्हा ती नेमकी कुणाची काकू हा प्रश्नच होता. पण भोवती सगळी विशीतली पोरं, आणि त्यांच्या लेखी चष्मा लावणारी, डबा आणणारी बाई म्हणजे काकूच. तिने तो मान निमूटपणे घेतला. मुळात भांडायचा तिचा पिंडच नव्हता. बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघायची, जिन्यात मागून पावलं वाजली तर भिंतीला चिकटून उभी राहायची आणि मागच्याला आधी जाऊ द्यायची. उमेदीची वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि आपण जणू त्या गावचेच नाही असं राहायचं, हे काम तिला फार मानवलं होतं. छापखाना बंद पडला तेव्हा ती इतकी घाबरली की मिळेल ते काम धरलं. मिळालं ते असं: व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीतर्फे लोकांशी बोलायचं. तोंडाने नव्हे, लिहून.

कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर तिचं नाव होतं ‘निरोप्या’. खेळ होता नदीचा आणि समुद्राचा, म्हणून तिने निरोप्याला जरा खडूस, जरा प्रेमळ अशा म्हाताऱ्या खलाशाचा सूर दिला. लोकांना तो एवढा आवडला की त्याला दाढी आहे की नाही यावर वाद झडत. काकू ते वाचून एकटीच हसायची. जन्मात पहिल्यांदा तिचं कुणीतरी ऐकत होतं, आणि तेही ती कोण हे न कळता. याहून सुखाची नोकरी तिला कोण देणार होतं?

अट एकच. निरोप्या कोण हे कुणालाही कळता कामा नये, घरीसुद्धा नाही. घरी होता फक्त धाकटा भाऊ, छोट्या. दारातून आत यायला त्याला मान वाकवावी लागे, तरी नाव छोट्याच. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ताईने त्याला सांगून ठेवलं होतं की औषधांच्या खोक्यात बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी असते ना, त्या मी तपासते. यावर कोण काय विचारणार? त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

पंचाईत अशी की छोट्या त्याच खेळाचा वेडा होता. लिफ्टच्या खड्ड्यात पडून त्याचा पाय मोडला, तेव्हा महिनोन्‌महिने तो खाटेवर होता आणि तो पहिला खेळ त्याच्या सोबतीला होता. त्या खेळाच्या शेवटी नावाडी आपल्याला किनाऱ्यावर उतरवतो, ‘दीपगृहाच्या बेटावर वाट बघतो’ म्हणतो, आणि एकटाच वल्हवत निघून जातो. एवढा धिप्पाड गडी तेव्हा उशीत तोंड खुपसून रडला होता. दुसरा खेळ येणार, त्यात ते बेट असणार, नावाडी भेटणार, याच आशेवर तो आणि त्याच्यासारखे हजारो लोक दिवस काढत होते.

आणि काकूला माहीत होतं की बेट जमत नाहीये. नावाड्याने बेटावर पाय ठेवला की तो गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतायचा. रुतलेला नावाडी हसून हात हलवायचा, ते बघून तर अंगावर काटाच यायचा. पोरांनी जिवाचं रान केलं, पण एक पाय वर आला की दुसरा खाली. शेवटी साहेब, म्हणजे तोही एक पोरगाच, तिच्या टेबलाशी आला.

“काकू, बेट नाही जात खेळात. लोकांना कळवून टाका. दोन ओळी. कारणं नकोत, माफी नको.”

“लोक फार चिडतील हो.”

“म्हणून तर दोनच ओळी.”

तिने लिहिलं: ‘दीपगृहाच्या बेटाचा भाग काढला आहे. खेळ ठरल्या दिवशीच येईल.’ शुद्धलेखन बघितलं. साहेबाने उभ्याउभ्याच नजर टाकून मान डोलावली आणि तिने ते पाठवलं.

काही क्षणांत पान आनंदाने वेडं झालं. तिला कळेचना. कुणी नाचणारी चित्रं टाकली, कुणी लिहिलं, ‘निरोप्या, तुझ्या तोंडात साखर पडो!’ मग एकाचं वाचलं: ‘बेटाचा वेगळा भाग काढला! एवढं मोठं बेट केलंय का?’ आणि तिने आपली ओळ पुन्हा वाचली. काढला. अंक काढतात, पुस्तक काढतात, तसा यांनी बेटाचा खास भाग काढला, असं लोकांनी वाचलं होतं. ‘ध’चा ‘मा’ करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथे अक्षराला हातही न लावता घात झाला होता. आणि तो केला होता कुणी? जिने जन्मभर लोकांच्या चुका धरल्या तिने.

ती घरी पोचली तर छोट्या आइस्क्रीमचा डबा उघडून बसला होता. “ताई, बेट आलं! नुसतं आलं नाही, आख्खा भाग काढलाय!” त्याने तिला चमच्याने भरवलं.

सकाळी साहेबाने खुलासा टाकायला लावला. ‘काढला म्हणजे वगळला.’ तिने लिहिलं. बेट गेल्याचं दुःख लोकांनी कदाचित पचवलंही असतं. पण आधी हातात देऊन मग हिसकावलं, वर आपली खिल्ली उडवली, हे कोण पचवणार? आणि त्यांनी तिचाच शब्द उचलून तिच्यावर फेकायला सुरुवात केली. ‘तुझी सालटं काढतो.’ ‘निरोप्याची धिंड काढा.’ ‘याला घरातून बाहेर काढला पाहिजे.’ एकाने फक्त दोनच शब्द लिहिले होते: ‘काटा काढू.’ खाली शेकडो लोकांनी अंगठे दिले होते. काकूने छापखान्यात हा वाक्प्रचार कितीदा तपासला असेल. तो आपल्याला उद्देशून कुणी वापरेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. उठून तिने खिडकीचा पडदा ओढला आणि पाचव्या मजल्यावरच्या ऑफिसात पडदा ओढून काय होणार, हेही तिला कळत होतं.

मग लोक तिचा माग काढायला लागले. निरोप्याने आजवर जे जे गमतीत लिहिलं होतं ते सगळं त्यांनी उकरलं. ऑफिसच्या खाली पावाची भट्टी आहे, दुपारी वास येतो. समोर पाण्याची निळी टाकी. आणि एकदा त्याने लिहिलं होतं, ‘आमच्या इमारतीची लिफ्ट परत अडकली, त्यामुळे दोन मजल्यांच्या मधोमध बसून तुमची पत्रं वाचली.’ त्याच्या खाली एकाचं उत्तर आलं. नाव घेतलं होतं ‘अधांतरी’. लिहिलं होतं: ‘लिफ्टचं माझ्यावर सोडा. या शहरातल्या कुठल्या लिफ्टा रडतात ते मला पाठ आहे.’

तिने ते वाचलं आणि कुणी सांगायची गरजच उरली नाही. रडणारी लिफ्ट असं एकच माणूस म्हणायचा, आणि तो तिच्या घरात झोपायचा.

त्या संध्याकाळी ती त्याच्यासमोर ताट घेऊन बसली. सांगूनच टाकायचं, असं ठरवून आली होती. नोकरी जाईल तर जाऊ दे. छोट्या एका हाताने जेवत होता, दुसऱ्याने फोन चाळत होता.

“काय एवढं चाललंय?” तिने विचारलं.

“तो निरोप्या. सापडतोय.”

“सापडला तर काय करणार रे?”

“मी? मी नुसतं विचारणार.” त्याने फोन पालथा ठेवला. “बाकीच्यांचं मला माहीत नाही. ताई, मी पडलो होतो ना, तेव्हा त्या नावाड्याने मला उठवलं. तू पण कामाला जायचीस. घरात कुणी नव्हतं. आणि हा हरामखोर आधी दाखवतो, मग हसतो. असल्या माणसाचं तोंड ठेचलं ना, तरी मला काही वाटणार नाही.”

तिने आपल्या भावाकडे पाहिलं. लहानपणी याची शी-शू तिने काढली होती. तो रागावला की गप्प बसायचा, कधी वस्तू आपटायचा नाही. आता त्याच्या जबड्याचा स्नायू हलत होता आणि ती त्याला घाबरली. अगदी सरळ शब्दांत, परक्या माणसाला घाबरावं तशी घाबरली. ‘भाजी अळणी झालीय का?’ एवढंच तिने विचारलं. रात्री स्वतःच्या खोलीला तिने आतून कडी लावली, आणि कडी लावताना तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पानावर अधांतरीचा मजकूर आला. ‘सापडला.’ खाली इमारत, गल्ली, मजला. तिची पाचावर धारण बसली. तिने छोट्याला फोन लावला. कामावर असला की फोन हत्यारांच्या पेटीत टाकायची त्याची सवय. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. ती साहेबाकडे गेली. त्याचाही चेहरा उतरलेला होता.

“काकू, तुम्ही निघाच. तुमचा फोटो तर कुठे नाहीये. तुम्हाला कोण ओळखणार?”

ते खरं होतं. रस्त्यावर कुणी तिला ओळखणार नव्हतं, एक सोडून. आणि तिला नेमका तोच गाठायचा होता, बाकीच्यांच्या आधी. खाली फाटकात त्याला धरायचं, बाजूला घ्यायचं, सांगायचं. जिना उतरण्यात वेळ गेला असता. ती लिफ्टमध्ये शिरली.

लिफ्ट जरा उतरली आणि थांबली. पंखा बंद झाला. दिवा तेवढा चालू राहिला. तिने सगळी बटणं दाबून पाहिली. मग बटणांच्या वरच्या जाळीतून खरखर आली, आणि आवाज.

“नमस्कार, निरोप्याशेठ. घाबरू नका, मी वर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत आहे. स्विच माझ्या हातात आहे.”

तिने तोंडावर हात धरला. घरात ‘ताई, माझा टॉवेल कुठाय’ म्हणणारा तोच आवाज, पण हसरा, थंड. असा तिने तो कधी ऐकला नव्हता.

“वॉचमन म्हणाला, लिहिणारं माणूस सगळ्यांच्या आधी उतरतं. पाचव्यावरून आज पहिली लिफ्ट ही, तेव्हा तुम्हीच. मला एकच सांगा. तो तिथे वाट बघत होता. का काढलंत बेट?”

तिने दाराच्या फटीत बोटं खुपसून दार ओढून पाहिलं.

“मला घाई नाही. तुम्हाला असेल.”

“पाय रुतत होते रे त्याचे,” ती म्हणाली. निरोप्याच्या सुरात नव्हे, तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात. “बेटावर उभंच राहता येईना त्याला. सगळ्यांनी फार प्रयत्न केले. छोट्या, मी आहे.”

जाळीतून फक्त खरखर येत राहिली.

“ताई?” मग तो म्हणाला. “तू इथे कशी? तू तर औषधांच्या…”

“खोटं होतं ते. मीच लिहिते. पहिल्यापासून मीच.”

“तो खलाशी तू?”

“मी.”

“आणि ते ‘काढला’?”

“चूक झाली. मला वगळला म्हणायचं होतं. कुणावर हसले नाही मी, तुझी शपथ. मला खाली ने, छोट्या. घरी जाऊ, मग काय बोलायचं ते बोल.”

त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो रागावलाय असं तिला आधी वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की तो राग नव्हता.

“खाली नाही नेता येत,” तो म्हणाला. “खाली लोक आलेत. मीच बोलावले. मला वाटलं चारपाच येतील. ताई, रस्ता भरलाय. एकाच्या हातात लोखंडी सळई आहे, मी वरून बघितली.”

“मग वर ने.”

“तुमच्या मजल्यावर पण चढलेत. जिन्यानं.”

तेवढ्यात तिच्या पायाखाली कुठेतरी पत्र्याचं दार कुणीतरी धाडकन ठोकलं. मग पुन्हा. मग अनेक हात. विहिरीतून यावी तशी हाक वर आली: “अधांतरी! आहे का रे तो आत?”

“कोणी नाही!” छोट्या ओरडला. तो आवाज जाळीतूनही आला आणि डोक्यावरच्या पोकळीतूनही. “रिकामी आहे! पळाला तो!”

खाली कुणीतरी हसलं. “मग दिवा कसा दिसतो रे फटीतून?” आणि सळई दाराच्या फटीत घुसवल्याचा आवाज आला.

दिवा विझला. अंधारात ती खाली बसली, गुडघे पोटाशी धरून.

“ताई,” जाळीतून तो कुजबुजला. “मी दोरांवरून खाली येतोय तुझ्याकडे. तू आवाज करू नकोस.”