तंजावुरातला कचरा पुढे कुठे जातो

त्या सकाळी पाचला मी लॉजवर कुणाला न सांगता बाहेर पडलो. नऊ वाजता कचरा उचलणाऱ्या कंपनीचे साहेब गाडीतून शहर दाखवणार होते. त्याआधी मला ते एकट्याने पाहायचे होते.

आमच्या गावात नगरपालिका, हीच कंपनी आणि रहिवासी मंडळ मिळून कचरा उचलणार, असा करार तयार आहे. मंडळाचा चिटणीस म्हणून फक्त माझी सही राहिली होती. "तंजावुरात हेच चालते, बघून या," म्हणत कंपनी तिकीट देत होती. मी स्वतःचे काढले. चेन्नईहून रेल्वेने सात-आठ तास लागतात. स्टँडजवळची लॉज साधी, पण स्वच्छ.

राजवाड्यामागच्या गल्लीत बायका सडा घालून दारात रांगोळी काढायच्या तयारीत होत्या. कचऱ्याची गाडी आधीच घंटा वाजवत फिरत होती. दोन डबे घेऊन उभ्या असलेल्या सुंदराबाई माझे मराठी ऐकून हसल्या. मराठा राजांच्या काळापासून इथेच राहिलेल्या घरातल्या त्या; मराठी जुन्या वळणाचे, हेल तमिळ.

"पहिले गाडी आठाला यायची. रांगोळीवरून खरकटे कोण नेणार? डबे घरातच राहायचे. साहेब म्हणाले, बायका आळशी!"

"मग?"

"मंडळाच्या बैठकीत मी विचारले, सार, तुमच्या दारी रांगोळी किती वाजता निघते? ठाऊकच नाही हो त्यांना! तेव्हापासून गाडी साडेपाचाला."

कंपनीवरचा माझा संशय जरा सैल झाला. ओला-सुका कचरा वेगळा पाहून विचारले, "हे पुढे कुठे जाते?"

"आम्हांला कोण दाखवते? तुम्ही बघा राव, आणि मलाही सांगा."

रिक्षा करून गाडीमागे गेलो. कालव्यापलीकडे, भातशेताच्या कडेला, गाडीने सगळे एकाच ढिगावर ओतले. रिक्षावाल्याकरवी कचरागाडीच्या चालकाला विचारले. तो म्हणाला, "करारात घरून उचलायचे लिहिलेय. इथले काही नाही."

परत येऊन सुंदराबाईंना सांगितले. "रोज दोन डबे घासते मी," एवढेच त्या म्हणाल्या.

साहेबांनी चकचकीत रस्ते दाखवले. ढिगाचे नाव काढताच म्हणाले, "तिथे वास येतो, कशाला जाता?"

दुपारी मोठ्या देवळात नंदीपुढे बसलो. देवाकडे काही मागितले नाही. निर्णय आपलाच होता.

घरी आल्यावर, असा करार सही करणार नाही म्हणताच मंडळाचे अध्यक्ष चिडले. "अहो, निदान गल्ल्या तरी साफ होतील!" ते खोटे नाही. आमच्या गावातल्या शाळेमागचा ढीग मलाही रोज दिसतो. तरी काल करार सही न करता परत दिला. सोबत लिहिले: गाडी जिथे रिकामी होते, तिथेही मंडळाचा माणूस तपासायला जाईल, हे कलम घाला. त्याच दिवशी सही करतो.