साहेबांचा पंखा आणि सोयाबीनचा रिपोर्ट

कुणी "सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे" म्हटलं की माझं डोकं अजूनही फिरतं. सिस्टीम म्हणजे माणसंच असतात, आणि त्या पावसाळ्यात त्यांतला एक मी होतो.

लोडशेडिंगची आणि दुबार पेरण्यांची ती वर्षं. अमरावतीत मी कॉम्प्युटरची कामं घ्यायचो. अकोल्याच्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत नवं सॉफ्टवेअर टाकायला मला पाठवलं. हाताने लिहिलेला रिपोर्ट यापुढे चालणार नाही, नव्या सॉफ्टवेअरमधून छापलेलाच हवा, असा वरून हुकूम आला होता. बाहेर बाकावर पातूरकडची एक शेतकरी बाई बसली होती. तिचं सोयाबीन उगवलंच नव्हतं. बी तपासणीत नापास झालं होतं, रजिस्टरात तशी नोंदही होती. पण छापील रिपोर्टाशिवाय दुकानदार बियाण्याची बॅग बदलून देईना.

"ओल दोन-तीन दिस टिकन जी भाऊ," ती म्हणाली. "त्याच्या आत द्या."

"संध्याकाळपर्यंत देतो," मी म्हणालो. मोठा शहाणा!

इन्स्टॉलेशन अर्ध्यात येऊन थांबायचं. नेटवर्कवरची जागा सापडत नाही, एवढंच पडद्यावर. मी सीडी पुसली, दुसरी घातली, सगळं काढून पुन्हा टाकलं, आणि शेवटी तिथल्या ऑपरेटर मुलीवर घसरलो, की तूच काहीतरी डिलीट केलंस. तिनं काही म्हणता काही केलं नव्हतं. माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली, तीही तोंडातल्या तोंडात.

कारण दुसऱ्या दिवशी खरं काय ते सापडलं. अमरावतीच्या मुख्य कार्यालयातल्या साहेबांना सगळ्यांच्या फायली आपल्या नजरेखाली हव्या होत्या. म्हणून अकोल्यातल्या प्रत्येकाचं 'माय डॉक्युमेंट्स' त्यांनी तिकडच्या सर्व्हरवर वळवून घेतलं होतं. फोल्डर दिसायचं इथे, असायचं तिथे. सॉफ्टवेअर त्यात आपला कप्पा करायला जायचं आणि तिकडे सर्व्हर बंद. लोडशेडिंगमुळे अमरावतीची लाईन सकाळी दहाला जायची, दुपारी एकला यायची. एकला आमची जायची. ती पाचला यायची तेव्हा तिकडचा बाबू सर्व्हर बंद करून घरी गेलेला. आणि आमच्यासमोर ट्यूबलाईट लख्ख पेटलेली, म्हणून लाईनचा संशय कुणालाच नाही!

मी फोन लावला. "सर्व्हर इन्व्हर्टरवर घ्या ना."

"त्याच्यावर साहेबाचा पंखा हाये," बाबू म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग फोल्डर इथल्या मशीनवर आणतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"परवानगी लागते जी. अर्ज फॅक्स करा."

मी फॅक्स केला. इतका संतापलेलो असूनही निमूटपणे केला, कारण माझी पुढची सगळी कामं त्याच साहेबांच्या हातात होती. तिसरा दिवस फॅक्सच्या मशीनकडे बघण्यात गेला. ती बाई रोज सकाळच्या एसटीनं यायची, "झालं का?" विचारायची आणि बाकावर बसायची. दुपारी लाईन गेली की उठून जायची.

चौथ्या दिवशी ती आली आणि काहीच विचारलं नाही. मग मात्र माझ्यानं बसवेना. साहेब गेले खड्ड्यात म्हटलं, फोल्डरचा पत्ता बदलला, सॉफ्टवेअर टाकलं. सही-शिक्क्यासकट रिपोर्ट नेऊन तिच्या हातात दिला.

तिनं तो नीट वाचला. "माती वाळली भाऊ. आता बॅग देली तरी टाकू कोठी?"

तिनं आतल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"केवढं काम होतं हे?"

"पाच मिनिटांचं."

"मंग इतके दिस कावून लावले?"

"साहेबांची परवानगी आली नव्हती."

"आज आली काय?"

"नाही," मी म्हणालो.